उसाचा ब्लॉक, मुंबईचा ब्लॉक

भोरजवळ, भाटघर धरणाच्या काठी राहणाऱ्या एखाद्या घरातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. ग्रामपंचायतीपुढे ट्रॅक्टरमधून पेव्हिंग ब्लॉक उतरवणे चालले आहे. थोरल्याची मोटारसायकल चार दिवस गॅरेजात पडून आहे, कारण मिस्त्रीने सांगितले, "ब्लॉक-पिस्टन गेलंय." तेवढ्यात मुंबईहून मामांचा फोन. डोंबिवलीचा ब्लॉक विकायला काढलाय, त्याचे कागद घेऊन यायचे आहे, पण रविवारी मेगाब्लॉक, म्हणून सोमवारी निघतो. बारामतीकडचे व्याही उसाच्या ब्लॉकच्या पाण्यासाठी कालव्याच्या कचेरीत खेपा घालतायत. आत्याच्या तपासणीत दोन ब्लॉक निघाले. आणि धाकटी रुसून बसली आहे, मैत्रिणीने तिला फोनवर ब्लॉक केले म्हणून.

सहा-सात वेळा तोच शब्द, आणि दर वेळी वस्तू निराळी. तरीही घरातले शाळकरी पोरसुद्धा कुठे अडखळत नाही. आत्याच्या हृदयात सिमेंटचा ठोकळा सापडला, असे त्याच्या मनातही येत नाही.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव पडले कसे? आणि नाव एकच असताना आपला गोंधळ का उडत नाही? या प्रश्नांसाठी भाटघर हे गाव सोयीचे आहे, कारण या शब्दाचा एक अर्थ मराठी शेतकऱ्याच्या तोंडी रुळला तो भाटघरच्याच पाण्यामुळे.

मुळात होता एक ओंडका

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये तो डच मुलखाकडून आला होता. तिकडे त्याचा अर्थ होता झाडाचा बुंधा, लाकडाचा ओंडका. पुढचे सगळे अर्थ याच ओंडक्यातून फुटले.

ओंडक्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. तो अंगणात पडलेला असला, तर ती एक जड, भरीव, सलग वस्तू आहे. तोच ओंडका पावसाळ्यात उन्मळून वरंध घाटाच्या रस्त्यावर आडवा पडला, तर तो अडथळा आहे. वस्तू एकच, पण पाहणाऱ्याची गरज वेगळी.

इंग्रजी शब्दाच्या दोन मोठ्या फांद्या याच. पहिली 'सलग ठोकळा' या कल्पनेची. लाकडाचा ठोकळा, मग दगडाचा, सिमेंटचा, मग इंजिनाचे धूड. पुढे डोळ्याला ठोकळ्यासारखी दिसणारी इमारत, आणि शेवटी हातात धरता न येणारी, पण मनाने सलग मानलेली गोष्ट : जमिनीचा पट्टा, गावांचा गट, वेळेचा तुकडा. दुसरी फांदी अडवण्याची. आधी रस्ता अडवणे, मग नळी तुंबणे, आणि आता फोनवरून माणसाचीच वाट बंद करणे. सोळाव्या शतकापर्यंत इंग्रजीत हे क्रियापदही रुजले होते.

शाळेत शिकलेली लक्षणा इथे आठवावी. शब्दाचा सरळ अर्थ बसत नाही, तेव्हा त्याच्याशी नाते असलेला अर्थ मन आपोआप घेते. आपल्या शास्त्रकारांचे ठरलेले उदाहरण म्हणजे 'गंगेवरची गौळवाडी'. वाडी प्रवाहावर कशी असेल? ती काठावर आहे, हे ऐकणारा न सांगता समजतो. "धरणावर चहा प्यायलो" असे भोरचा माणूस म्हणतो, तेव्हा तो भिंतीवर चढून बसला नव्हता, हेही आपण असेच समजतो. अशी लक्षणा हजारदा वापरली गेली की ती रुळते, आणि शब्दाला एक नवा कायमचा अर्थ मिळतो. चार पावलांनी गवत दबते. हजार पावलांनी पायवाट होते.

नीरा कालव्यावरचा ब्लॉक

आता भाटघरकडे येऊ. वेळवंडी नदीवर इथे पहिले दगडी धरण बांधले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. त्याच्या जलाशयाला 'लेक व्हायटिंग' म्हणत. तो साठा अपुरा पडू लागला, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला दुसरे, कितीतरी मोठे धरण बांधले, आणि १९२८ साली ते रीतसर सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून त्याला लॉइड धरण म्हणत. जुनी भिंत नव्या पाण्यात गेली. आज या जलाशयाला स्वराज्याचे शिलेदार येसाजी कंक यांचे नाव आहे, आणि त्यात साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी मावते. मावळातल्या पावसावर धरण भरते, पाणी नीरेच्या पात्रातून खाली वीरला जाते, आणि तिथून डावा व उजवा असे दोन कालवे सुटतात. डावा पुरंदर, बारामती, इंदापूरकडे. उजवा खंडाळा, फलटण, माळशिरसकडे. म्हणजे पाणी अडले भोर-वेल्ह्यात, आणि ऊस उभा राहिला खाली पूर्वेला. आपले गाव आणि शेत ज्यांनी पाण्याखाली दिले, त्यांच्या वाट्याला हा 'ब्लॉक' शब्द फारसा आलाच नाही. ही गोष्ट सांगितल्याशिवाय नीरा कालव्याचे कौतुक करू नये, असे मला वाटते.

डावा कालवा जुन्याच धरणाच्या काळातला. तो सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे पाणी वापरण्याची रीत विचित्र होती. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याकडे फिरकत नसत, कारण पाणीपट्टी कशाला भरायची? पाऊस रुसला की सगळे एकदम पाणी मागत. ज्याला उसाची चटक लागली, तो आपल्या रानात मन मानेल तितके पाणी सोडी. शेते विखुरलेली होती. एक भिजलेले, चार कोरडी, पुन्हा एक भिजलेले. मधल्या लांबलांब चाऱ्यांत पाणी झिरपून वाया जाई. खोलगट जमिनी पाणथळ होत, कुठे क्षार वर येत, आणि गावालगत साचलेल्या पाण्यावर डास वाढून हिवताप पसरे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे भागातल्या पाटबंधाऱ्यांचे काम मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याकडे होते. १८८३ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला हा इंजिनिअर नकाशा घेऊन बसला, आणि त्याने उपाय सुचवला तो असा. विखुरलेल्या शेतांना पाणी द्यायचेच नाही. प्रत्येक गावाच्या शिवारात निचरा चांगला असलेली जमीन निवडायची, तिचे सलग पट्टे आखायचे, आणि कालव्याचे पाणी तेवढ्या पट्ट्यांनाच, पण काही वर्षांसाठी हमीने द्यायचे. पट्ट्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके, आणि उसाची जागा वर्षावर्षाने बदलायची. त्यामुळे पाणी कमी वाया जाते, जमिनीला विसावा मिळतो, आणि तेवढ्याच पाण्यात जास्त गावांना वाटा मिळतो. अशा पट्ट्याला नाव मिळाले 'ब्लॉक', आणि रीतीला 'ब्लॉक पद्धत'. १९०१ ते १९०३ या काळात देशभर फिरलेल्या पाटबंधारे आयोगापुढे विश्वेश्वरय्यांनी साक्ष दिली, आणि ही पद्धत चर्चेत आली.

इथे शब्द ओंडक्याच्या पहिल्या फांदीवरच आहे : सलग, एकसंध तुकडा. पण शेतकऱ्याच्या तोंडी गेल्यावर तो आणखी एक पाऊल सरकला. "यंदा आमचा ब्लॉक मंजूर झाला," असे बागायतदार म्हणतो, तेव्हा जमीन मंजूर होत नाही. ती तर वाडवडिलांपासून त्याचीच आहे. मंजूर होतो तो त्या जमिनीवर कालव्याचे पाणी घेण्याचा हक्क. जमिनीचे नाव हक्काला लागले, गंगेचे नाव काठाला लागावे तसे. हा अर्थ इंग्रजीतून उसना आलेला नाही. तो नीरा, मुठा, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांवर, पाणीअर्ज भरता भरता मराठी माणसाने घडवला.

आणखी एक गोष्ट फार थोड्या जणांच्या लक्षात येते. विश्वेश्वरय्यांची नोकरीची पहिली वर्षे नाशिक-खानदेशात गेली. धुळ्याकडच्या पांझरा नदीवर आणि नाशिककडच्या मोसम-आरम खोऱ्यांत बंधाऱ्यांच्या पाण्याची एक जुनी रीत आहे. गावाची भिजणारी जमीन तीन-चार सलग भागांत वाटायची, एका भागात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि भाग फिरते ठेवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. या रीतीतल्या एका भागाला म्हणतात 'फड'. फड आणि ब्लॉक यांचे साम्य उघड आहे. नवा शब्द आणण्याआधी जुना हाताशी होता, पण कचेरीचा कारभार इंग्रजीत चालत होता, म्हणून कागदावर 'ब्लॉक' चढला.

आणि 'फड' तरी एका अर्थाचा कुठे आहे? तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड, ऊसतोडीचा फड, पंढरीच्या वारीतला फड. माणसे किंवा कामे जिथे एकत्र येतात, अशी जागा, हे त्याचे मूळ चित्र. एका शब्दाला अनेक अर्थ असणे ही इंग्रजीची खोड म्हणून सांगितली जाते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या एका शब्दाला ४३० अर्थ दिले होते, हेही आवर्जून सांगतात. पण मराठीतल्या 'लागणे' या क्रियापदाचे अर्थ मोजायला बसा : भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, झोप लागते, गाव लागते, पाणी लागते. जो शब्द रोज हाती असतो, त्यालाच जास्त अर्थ चिकटतात. क्वचित काढायचे भांडे एकाच कामाचे असते. रोजचा तांब्या पाणी प्यायलाही, अंघोळीलाही आणि तुळशीलाही.

तीन ब्लॉक सिस्टिम

गंमत अशी की 'ब्लॉक सिस्टिम' हे जोडनावसुद्धा मराठीत तीन वेगळ्या गोष्टींना मिळाले. एक कालव्यावरची, ती आपण पाहिली.

दुसरी रेल्वेची. पुणे-मिरज मार्गावर जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही स्थानके ओळीने येतात. दोन स्थानकांमधल्या लोहमार्गाच्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. मूळ नियम साधा आहे. एका मार्गावर, अशा एका तुकड्यात, एका वेळी एकच गाडी. ओढ्यावरच्या अरुंद साकवावर एक माणूस चढला की दुसऱ्याने अलीकडे थांबायचे, पलीकडून "उतरला" अशी हाक आली की पाय टाकायचा, तसेच. गाडी आत शिरली की तिच्या मागची वाट बंद. म्हणजे इथे ओंडक्याच्या दोन्ही फांद्या एकत्र आल्या. तुकडाही आहे आणि अडवणेही आहे. मुंबईकरांचा रविवारचा मेगाब्लॉक याच घराण्यातला. फरक इतकाच, की तिथे वाट गाडीसाठी राखून न ठेवता रूळ, सिग्नल, विजेच्या तारा यांच्या दुरुस्तीसाठी ठरावीक तास बंद ठेवतात.

तिसरी ब्लॉक सिस्टिम घरांची. मुंबई-पुण्यात चाळीत नळ आणि संडास सामाईक असत. मग ज्या इमारतींत दाराच्या आतच मोरी, संडास, स्वयंपाकघर मिळाले, त्यांना मध्यमवर्गीय मराठी माणूस 'ब्लॉक सिस्टिम' म्हणू लागला, आणि आतल्या एकेका बिऱ्हाडाला 'ब्लॉक'. मूळ इंग्रजीत ठोकळ्याचे नाव बहुधा अख्ख्या इमारतीला किंवा इमारतींच्या समूहाला असते. आपण ते एका बिऱ्हाडाला दिले. मराठीतला हा अर्थ लंडनच्या माणसाला सांगून पाहा, तो चकित होईल. आता 'फ्लॅट'ने त्याला मागे सारले आहे, पण ज्यांनी चाळ सोडून ब्लॉकमध्ये पाऊल टाकले, त्या पिढीच्या बोलण्यात तो अजून ऐकू येतो.

शब्द सामानाबरोबर येतो

इंग्रजीतले सगळे अर्थ मात्र मराठीने घेतले नाहीत. अमेरिकेत पत्ता सांगताना "दोन ब्लॉक पुढे" म्हणतात, कारण तिथली कित्येक शहरे बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली आहेत. भोरच्या पेठेत कोणी असे म्हणणार नाही. आपण "दोन गल्ल्या सोडून" म्हणतो, कारण आपल्याकडे गल्ल्या आहेत, पट नाही. मुलांच्या खेळण्यातल्या ब्लॉकला आपले 'ठोकळे' होतेच.

म्हणजे शब्द एकटा हिंडत येत नाही. तो नव्या सामानाच्या गाठोड्यातून येतो. इंजिन आले, त्याच्याबरोबर गॅरेजमधला ब्लॉक आला. छापखाना आला, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापायचे जस्ताचे ब्लॉक आले. ऑफसेट छपाईने ते सामान गेले, तसा तो अर्थही गेला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. कामासाठी गावांचे गट पाडले, त्यांनाही ब्लॉक म्हटले, आणि खेड्यात बीडीओ साहेब आले. महाराष्ट्रात १९६२ साली पंचायत समित्या स्थापन झाल्यावर मराठी कारभाराने या बीडीओंना 'गटविकास अधिकारी' केले. नाव उत्तम आहे. तरीही वेल्ह्यापासून (आताचा राजगड तालुका) विदर्भापर्यंत लोक बीडीओच म्हणतात. गंमत म्हणजे 'गट' हाही लगेच अनेकार्थी झाला : जमिनीचा गट नंबर, महिलांचा बचत गट, निवडणुकीतला गट.

प्रत्येक अर्थ वेगळ्या काळी, वेगळ्या दाराने आत आला. म्हणूनच पेव्हिंग ब्लॉक आणि मेगाब्लॉक एकाच ओंडक्याची लेकरे आहेत, हे मराठी माणसाला सहसा जाणवत नाही.

कान कसा ओळखतो?

आता दुसरा प्रश्न. गोंधळ का होत नाही?

संस्कृत पंडितांचे 'सैंधव आण' हे वाक्य प्रसिद्ध आहे. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही, कारण दोन्ही सिंधू देशाकडून येत. जेवताना धनी "सैंधव आण" म्हणाला तर नोकर मीठ आणतो. प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. प्रसंग अर्थ ठरवतो. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अर्थ ठरवणाऱ्या अशा खुणांची यादीच दिली आहे. त्यात प्रसंग आहे, स्थळ आहे, काळ आहे, आणि शेजारचा शब्दही आहे.

मराठीत या शेजारच्या शब्दाची खूण फार पक्की आहे, आणि बहुतेक वेळा ती क्रियापदात असते. इंग्रजी नाम आपण जसेच्या तसे घेतले, पण त्याच्यामागे जोडलेले क्रियापद मराठी आहे, आणि तेच अर्थ सांगून मोकळे होते. सुरुवातीच्या घरातली वाक्ये पुन्हा वाचून पाहा.

चौकट : क्रियापदावरून ओळखा
ब्लॉक बसवले : अंगणात किंवा रस्त्यावर फरशीसारखे
ब्लॉक गेला : मोटारसायकलच्या इंजिनाचा
ब्लॉक घेतला, विकला : राहायचे बिऱ्हाड
ब्लॉक मंजूर झाला : कालव्याच्या पाण्याचा हक्क
ब्लॉक आहे : रेल्वे बंद
ब्लॉक निघाला : हृदयाच्या रक्तवाहिनीत
ब्लॉक केले : फोनवर

क्रियापद कानावर पडण्याआधीही आपले मन निम्मे काम उरकून बसलेले असते. कोण बोलतोय, कुठे, कशाबद्दल, यावरून ते एक अर्थ पुढे काढून ठेवते. गॅरेजात उभे राहून "ब्लॉक" ऐकला, तर ऊस मनात येतच नाही.

क्रियापद पुरत नाही तिथे

एका ठिकाणी मात्र ही सोय दगा देते, आणि तिथे चूक महागात पडू शकते. 'हृदयात ब्लॉक' या दोन शब्दांत दोन वेगळे आजार दडलेले आहेत.

एक आपल्या ओळखीचा. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. चढ चढताना छातीत दुखते, दम लागतो. तपासणी अँजिओग्राफीची; उपाय औषधे, स्टेंट किंवा बायपास.

दुसऱ्याला वैद्यकात 'हार्ट ब्लॉक' म्हणतात, आणि त्याचा रक्तवाहिनी तुंबण्याशी थेट संबंध असतोच असे नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेचा एक सूक्ष्म इशारा उमटतो, तो खालच्या कप्प्यांपर्यंत पोचला की ते आकुंचन पावतात. हा इशारा वाटेत रेंगाळला किंवा अडला, तर तो हार्ट ब्लॉक. नाडी मंद होते, चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. ईसीजीत तो दिसतो, आणि गंभीर असला तर पेसमेकर बसवावा लागतो.

कालव्याच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या आजारात चारीत गाळ साचून पाणी अडले आहे. दुसऱ्यात चारी स्वच्छ आहे, पाणीही आहे, पण दार उघडायचा निरोप पाटकऱ्यापर्यंत पोचलेला नाही. गाळ काढून निरोप पोचत नाही, आणि निरोप पाठवून गाळ निघत नाही.

"आत्याला ब्लॉक निघाला" हे वाक्य घरोघरी फिरताना हा फरक पुसला जातो, आणि शेजारच्या काकांना लागू पडलेले औषध आत्याला सुचवले जाते. म्हणून तुमच्या घरातल्या कोणाच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी 'ब्लॉक' म्हटले, तर खोलीबाहेर पडण्याआधी एवढे जरूर विचारा : रक्तवाहिनीतला, की विजेच्या इशाऱ्याचा?